संन्याशाच्या हातीं कारभार

गोंदियाहून दक्षिणेस निघून अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत शिरलें, कीं भाताच्या बांध्या, बोड्या आणि जुन्या मालगुजारांनीं बांधविलेले तलाव यांची रांगच लागते. इटियाडोह धरणाच्या परिसरांत गोठणगांव आहे व तेथून जवळच प्रतापगड. प्रतापगडास महाशिवरात्रीची यात्रा भरते, हें झाडीपट्टींत घरोघरीं ठाऊक आहे. परंतु याच मुलुखांत, मोहाच्या आणि सागाच्या झाडांआडून, निळ्या, पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या व पिंवळ्या पताकांच्या माळा वाऱ्यावर हलतांना दिसतात, त्या कशाच्या, हें मात्र नागपुराकडच्या सुशिक्षितांसहि बहुधा ठाऊक नसतें. ती तिबेटी निर्वासितांची वसाहत होय. १९७२ सालीं ती वसली. तिचें तिबेटी नांव नोर्ग्येलिंग. आणि उभ्या महाराष्ट्रांत तिबेटी लोकांची अशी वसाहत काय ती ही एकच. आमचे लोक तिला नुसतें 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. गमतीची गोष्ट अशी, कीं जगभर पसरलेले तिबेटी तिला अद्यापि 'भंडारा' या नांवानें ओळखतात. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, ही गोष्ट आमच्या कचेऱ्यांनीं मानली; पण ज्यांचा देशच सुटला, त्यांना एकदां मिळालेलें नांव सोडवत नसावें.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचीं सारीं वर्षें गेलीं, अशा माझ्यासारख्या माणसाचें त्या वसाहतींत काय काम असणार? हिवाळा आला कीं हे लोक लोकरीचे कपडे विकावयास शहरोशहरीं जातात, तेवढाच त्यांचा आमचा परिचय. सेवानिवृत्तीनंतर एकदां सहज म्हणून तेथील विहारांत गेलों. मी संस्कृताचा मास्तर, असें कळतांच तेथल्या भिक्षूनें पिंवळ्या वस्त्रांत बांधलेली एक पोथी सोडली. लांबट सुटीं पानें, वरखालीं लाकडी फळ्या. आमच्या आजोबांच्या देव्हाऱ्याशेजारीं असत त्या पोथ्यांचीच ही बहीण. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्यानें 'ग्यगर केदु' असे शब्द उच्चारिले आणि पुढें एक लांबलचक नांव वाचलें. 'ग्यगर केदु' म्हणजे 'भारताच्या भाषेंत'. भाषांतरित ग्रंथाचें मूळ संस्कृत नांव आधीं द्यावयाचें आणि मग तिबेटी नांव, असा त्या लोकांचा हजार वर्षांहून जुना शिरस्ता आहे. प्रथम कांहींच ओळखूं येईना, कारण 'वज्र' शब्दाचा उच्चार ते 'बेन्झ' असा करितात; पण पुन्हा वाचावयास लाविल्यावर उमगलें, कीं ही 'वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता' होय. अर्जुनीच्या रानांत, हिमालयापलीकडच्या लिपीमधून, माझीच भाषा मला ऐकूं आली. अंगावर कांटा आला, हें सांगावयास मला संकोच वाटत नाहीं.

तेथें एक वृद्ध गृहस्थ जपमाळ ओढीत बसले होते. भिंतीवर दलाई लामांच्या तसबिरीखालीं दुसऱ्या एका चष्मा लावलेल्या भिक्षूचें लहान छायाचित्र होतें. हे कोण, असें मीं विचारिलें, तेव्हां म्हातारबुवा हिंदीमिश्रित मराठींत म्हणाले, "गुरुजी, हे पण तुमच्यासारखे मास्तरच. आम्ही मतं देऊन त्यांना प्रधान केलं होतं."

ते सामदोंग रिनपोछे. त्यांचें नांव मीं ऐकिलें होतें, परंतु काशीचे एक विद्वान् म्हणून. संन्यासी आणि मतांची पेटी ही जोडी माझ्या मनास तेव्हां पटली नाहीं. आपल्याकडे संन्याशानें अग्नि ठेवूं नये, द्रव्य सांठवूं नये, एका गांवीं फार दिवस राहूं नये, असें शास्त्र आहे. गुरूनें राजास उपदेश करावा, स्वतः सिंहासनाकडे वळूं नये. विद्यारण्यस्वामींचें नांव विजयनगरच्या राज्याशीं जोडून आपण आदरानें घेतों, तें याच मर्यादेंत. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी पेशव्यांस कर्जें देत आणि वसुलीविषयीं कडक पत्रें लिहीत, यावर आमचे इतिहासकार अजून नाकें मुरडतात. परदेशांत अशीं उदाहरणें आहेत. सायप्रस बेटाचे आर्चबिशप मकारिओस १९६० सालीं तेथील पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पॅराग्वे देशांत फेर्नांदो लुगो नांवाचे माजी बिशप २००८ सालीं त्या पदावर चढले आणि २०१२ सालीं तेथील विधिमंडळानें त्यांना खालीं उतरविलें. इराणांतील अली खामेनी हे मौलवी १९८१ ते १९८९ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. बौद्ध विनयाचे नियम तर आमच्या यतिधर्माहूनहि बारीक. तिबेटी परंपरेंतील भिक्षूस दोनशें त्रेपन्न नियम पाळावे लागतात. त्यानें सोनें-रुपें स्वीकारूं नये, जमीन खणूं नये, झाड तोडूं नये. असल्या माणसानें खजिना कसा संभाळावा आणि शेतकऱ्यांच्या वसाहतींचा कारभार तो काय पाहणार? या प्रश्नाच्या ओढीनें मीं त्यांचें चरित्र मिळेल तेथून वाचलें. तें वाचकांपुढें ठेवितों.

पूर्व तिबेटांतील खम प्रांतांत, जोल या गांवीं, ५ नोव्हेंबर १९३९ रोजीं त्यांचा जन्म झाला. लोबसांग तेनझिन हें त्यांचें नांव. पांचव्या वर्षीं त्यांना चौथ्या सामदोंग रिनपोछे यांचा पुनर्जन्म म्हणून मान्यता मिळाली. 'रिनपोछे' म्हणजे रत्न. असे पुनर्जन्मानें ओळखले गेलेले आचार्य या पदवीनें संबोधिले जातात. या समजुतीविषयीं ज्याला जें वाटेल तें वाटो. मला त्यांत नवल वाटतें तें निराळेंच: पांच वर्षांच्या पोरास आसनावर बसवून मान द्यावयाचा, आणि मग वीस वर्षें त्याच्याकडून असा अभ्यास करून घ्यावयाचा, कीं मानाची धुंदी चढावयास फुरसतच मिळूं नये.

बाराव्या वर्षीं ते ल्हासाजवळच्या द्रेपुंग महाविहारांत अध्ययनासाठीं आले. १४१६ सालीं स्थापन झालेला हा विहार एके काळीं हजारों भिक्षूंनीं गजबजलेला असे. तेथला अभ्यासक्रम ऐकून आमच्या काशी-पैठणच्या शास्त्र्यांना आपल्याच पाठशाळेची आठवण यावी. पांच विषय, आणि पांचहि विषयांचे मूळ ग्रंथ भारतीय पंडितांचे: प्रमाणशास्त्रास धर्मकीर्तीचें 'प्रमाणवार्तिक', प्रज्ञापारमितेस 'अभिसमयालंकार', माध्यमिक दर्शनास चंद्रकीर्तीचा 'मध्यमकावतार', आचारास गुणप्रभाचें 'विनयसूत्र', आणि तत्त्वविचारास वसुबंधूचा 'अभिधर्मकोश'. ग्रंथ आधीं मुखोद्गत करावयाचे, मग त्यांवर वाद. वादाची रीत अशी, कीं उत्तर देणारा खालीं बसतो आणि प्रश्न विचारणारा उभा राहून, प्रश्नाच्या शेवटीं उजवा हात डाव्या हातावर जोरानें आपटतो. पाहणारास भांडणच वाटावें. माध्यमिक दर्शनाचे आद्य आचार्य नागार्जुन हे विदर्भांत एका ब्राह्मणाच्या घरीं जन्मले, असें तिबेटी परंपरा सांगते. म्हणजे ज्या मुलुखांत पुढें या लोकांनीं भाताच्या बांध्या घातल्या, त्याच विदर्भाचें नांव ल्हासाच्या विहारांतील पोरें कित्येक शतकें घोकीत आलीं होतीं.

१९५० सालीं चिनी सैन्य तिबेटांत शिरलें. १९५९ च्या मार्च महिन्यांत ल्हासांत उठाव झाला, दलाई लामा भारतांत आले आणि त्यांच्या मागोमाग हजारों लोक हिमालय ओलांडून उतरले. त्यांत हे एकोणीस वर्षांचे भिक्षुहि होते. अध्ययन अर्धेंच झालेलें, विहार सुटलेला, आणि खालीं उतरलेल्या मुलांस शिकवावयाला माणसें नाहींत. दलाई लामांच्या आज्ञेनें त्यांनीं अध्यापन पत्करिलें. प्रथम शिमल्यास धर्मशिक्षक, मग दार्जिलिंगच्या व त्यानंतर डलहौसीच्या तिबेटी शाळेंत मुख्याध्यापक. शाळा चालवितां चालवितां त्यांनीं आपला उरलेला अभ्यास पुरा केला आणि १९६८ सालीं 'गेशे ल्हारम्पा' ही त्यांच्या विद्येंतली सर्वोच्च पदवी मिळविली. दिवसा पोरांच्या हजेऱ्या आणि रात्रीं प्रमाणशास्त्र, हा काय प्रकार असतो, हें ज्यानें शाळा चालविली आहे त्यासच कळावें.

१९७१ सालीं ते सारनाथच्या केंद्रीय उच्च तिबेटी शिक्षा संस्थानाचे प्राचार्य झाले. पंडित नेहरू आणि दलाई लामा यांच्या विचारविनिमयांतून निघालेली ही संस्था १९६७ सालीं स्थापन झाली होती व आरंभीं ती वाराणसीच्या संस्कृत विश्वविद्यालयास जोडलेली होती. १९८८ सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ते तिचे संचालक झाले. प्राचार्य आणि संचालक मिळून तीस वर्षें त्यांनीं ही संस्था संभाळली. येथें जरा थांबावेसें वाटतें, कारण माझ्या मतें त्यांच्या आयुष्यांतलें अत्यंत भरींव काम तें हेंच. प्रधानकीचा क्रम त्याच्या मागून.

सुमारें आठशें वर्षांपूर्वीं नालंदा, विक्रमशिला येथील महाविहार उद्ध्वस्त झाले आणि त्यांबरोबर असंख्य संस्कृत ग्रंथ नाहींसे झाले. परंतु त्याआधींच्या चारपांच शतकांत तिबेटी भाषांतरकार भारतीय पंडितांच्या शेजारीं बसून ते ग्रंथ आपल्या भाषेंत उतरवून घेत होते. बुद्धवचनांचा संग्रह 'कंग्युर' सुमारें शंभर खंडांचा, आणि आचार्यांच्या ग्रंथांचा संग्रह 'तेंग्युर' दोनशेंहून अधिक खंडांचा आहे. हीं भाषांतरें मनास येईल तशीं केलेलीं नाहींत. नवव्या शतकाच्या आरंभीं तिबेटी राजाच्या आज्ञेवरून 'महाव्युत्पत्ति' नांवाचा संस्कृत-तिबेटी शब्दकोश तयार झाला, आणि कोणत्या संस्कृत शब्दास कोणता तिबेटी शब्द योजावा, हें ठरून गेलें. उदाहरणार्थ, 'बुद्ध' या शब्दास त्यांनीं 'सांग्ये' असा जोडशब्द केला. त्यांतील पहिल्या अंगाचा अर्थ जागा झालेला, निर्मळ झालेला, आणि दुसऱ्याचा विकास पावलेला. अशा ठरींव शब्दांमुळें उलट वाट चालतां येते. तिबेटी ओळ समोर ठेवून मूळ संस्कृत ओळ कशी असेल, हें बऱ्याच खात्रीनें पुन्हा रचितां येतें. सारनाथला हें काम पद्धतशीर सुरू झालें. एका बाजूस तिबेटी आचार्य, दुसऱ्या बाजूस काशीचे वैयाकरण पंडित, आणि मध्यें एक हरवलेला ग्रंथ. राहुल सांकृत्यायन यांनीं १९२९ ते १९३८ या काळांत चार वेळां तिबेटांत जाऊन तेथल्या विहारांत पडलेल्या मूळ संस्कृत पोथ्या शोधिल्या व कित्येकांच्या प्रति व छायाचित्रें आणिलीं. 'प्रमाणवार्तिका'चें मूळ आपल्याला त्यांच्यामुळेंच पुन्हा पाहावयास मिळालें. जीं मूळ पोथींत सांपडलीं नाहींत, तीं भाषांतरावरून पुन्हा उभीं करण्याचा उद्योग हा त्याचाच पुढचा टप्पा होय. आमच्या घरचीं हरवलेलीं भांडीं शेजाऱ्यानें आठशें वर्षें घांसूनपुसून ठेवावीं आणि स्वतः बेघर होऊन आमच्या दारीं आल्यावर तीं परत करावीं, असा हा प्रकार आहे.

काशीच्या मुक्कामांत पंडित जगन्नाथ उपाध्याय यांसारख्या संस्कृतज्ञांशीं त्यांचा निकट संबंध आला. राजघाटावर जे. कृष्णमूर्ति येत, तेव्हां त्यांच्याशीं होणाऱ्या संवादांत हे दोघेहि असत. मोहनदास गांधींचे ग्रंथ त्यांनीं मनापासून अभ्यासिले. सत्य आणि अहिंसा या दोन शब्दांस ते राजकारणाच्या बोलण्यांतहि शास्त्रांतल्याइतक्याच कांटेकोरपणें वापरीत, आणि पुढें त्यांच्याच लोकांनीं त्यांच्यावर जो रोष धरिला त्याचें मूळहि यांतच आहे.

राजकारणाशीं त्यांचा संबंध जुनाच होता. १९७० सालीं तिबेटी युवक काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकीं ते एक, व आरंभीं तिचे उपाध्यक्ष. निर्वासित तिबेटींची प्रतिनिधिसभा १९६० पासून होती. १९९१ सालीं तिचा विस्तार झाला व निर्वासितांसाठीं लिखित सनद संमत झाली. त्याच वर्षीं दलाई लामांनीं यांस सभासद नेमिलें आणि सभेनें त्यांना एकमतानें अध्यक्ष निवडिलें. पुढें १९९६ सालीं ते खम प्रांताकडून निवडून आले व पुन्हा अध्यक्ष झाले. या सभेच्या रचनेंत एक चमत्कारिक गोष्ट आहे. तीन प्रांतांचे प्रतिनिधि, आणि शिवाय चार बौद्ध संप्रदाय व बोन धर्म यांचे प्रत्येकीं दोन. त्यामुळें भिक्षूस व भिक्षुणीस दोन मतें पडतात, एक प्रांताचें व एक संप्रदायाचें, आणि गृहस्थास एकच. संसार सोडणारास संसाऱ्याच्या दुप्पट मत! आमच्याकडे असें झालें असतें, तर वर्तमानपत्रांचे रकाने ओसंडून वाहिले असते.

येथपर्यंत मंत्रिमंडळाच्या प्रमुखाची, म्हणजे 'कालोन त्रिपा'ची, निवड जनता प्रत्यक्ष करीत नसे. २००१ सालीं दलाई लामांच्या सूचनेवरून सनद बदलली आणि हें पद निर्वासित जनतेनें प्रत्यक्ष मतदानानें भरावें असें ठरलें. भारत, नेपाळ, युरोप, अमेरिका, जेथें जेथें म्हणून तिबेटी राहतात, तेथें तेथें मतें पडलीं. पक्ष नाहींत. प्राथमिक फेरींत उमेदवारांची छापील यादीहि नसते. ज्यानें त्यानें आपल्या मनांतलें नांव लिहावयाचें. दरसालच्या ऐच्छिक वर्गणीची नोंद असणारी हिरवी पुस्तिका हाच मतदाराचा पुरावा. आमच्या म्हातारबुवांनीं आपली पुस्तिका सदऱ्याच्या आंतल्या खिशांतून काढून मला दाखविली. ती इतकी मऊ झाली होती, कीं पानें कापडाचीं आहेत असें वाटलें. शेंकडा चौऱ्याऐंशींहून अधिक मतें मिळून सामदोंग रिनपोछे निवडून आले, आणि ५ सप्टेंबर २००१ रोजीं त्यांनीं पद स्वीकारिलें. २००६ सालीं ते दुसऱ्यांदां निवडून आले, तेव्हां तर मतांचें प्रमाण नव्वदांच्या घरांत गेलें होतें.

एक खुलासा करावयास हवा. या सरकारास जगांतील कोणत्याहि राष्ट्रानें सरकार म्हणून मान्यता दिलेली नाहीं. त्याला भूमि नाहीं, सैन्य नाहीं. धर्मशाळेस कचेऱ्या, भारतभर वसाहती, शाळा, दवाखाने, आणि लोकांचा विश्वास, एवढीच त्याची इस्टेट. त्या वेळीं राष्ट्राचे प्रमुख दलाई लामाच होते, व हे मंत्रिमंडळाचे प्रमुख. २०१२ पासून या पदास 'सिक्योंग' हें नांव आहे आणि इंग्रजींत त्याचा उल्लेख राष्ट्राध्यक्ष असा होतो.

आतां त्या दहा वर्षांत या संन्याशानें केलें काय? पहिल्यानें त्यांनीं निर्वासित सरकारचे व्यापार बंद केले. पूर्वीच्या काळीं उत्पन्नासाठीं हॉटेलें व व्यापारी पेढ्या या सरकारनें चालविल्या होत्या. त्या मोडून किंवा खाजगी हातीं देऊन ते मोकळे झाले. सरकारनें दुकान मांडूं नये, हें त्यांचें म्हणणें. सोनें-रुपें न स्वीकारण्याचा नियम ज्यानें जन्मभर पाळला, त्याच्या हातीं खजिना आला तेव्हां त्यानें आधीं गल्ला बंद केला, हें पाहून मला आपल्या शंकेचें हसूं आलें. दुसरें, वसाहतींच्या शेतींत रासायनिक खतें व विषारी औषधें टाळून नैसर्गिक पद्धतीनें शेती व्हावी, असा त्यांनीं आग्रह धरला. अहिंसा बोलणारानें किडे मारण्याचें विष शेतांत ओतूं नये, असा त्यांतला सरळ अर्थ. परंतु उपदेश जितका सरळ, तितकें आचरण नसतें. तुडतुड्यांनीं धान बसल्यावर शेतकऱ्याच्या जिवाचें काय होतें, तें आमच्या झाडीपट्टींत येऊन पाहावें.

तिसरी गोष्ट शिक्षणाची, आणि ती आम्हां सर्वांच्या घरांतली आहे. २००४ सालीं त्यांच्या सरकारनें निर्वासितांसाठीं मूलभूत शिक्षणाचें धोरण संमत केलें. मुलांचें शिक्षण मातृभाषेंतून, तिबेटींतून, व्हावें, आणि आधुनिक विद्येच्या मुळाशीं परंपरागत विद्या असावी, असें त्याचें तात्पर्य. आईबापांस इंग्रजीची काळजी. ज्याला देश नाहीं त्याच्या पोराला पोट भरण्यास इंग्रजीच उपयोगी, हें त्यांचें म्हणणें खोटें कसें म्हणावें? पण ज्याला देश नाहीं त्याला भाषाहि राहिली नाहीं, तर तो कोण म्हणून उरावयाचा, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्नहि तितकाच खरा. मीं स्वतः चाळीस वर्षें मराठी शाळेंत शिकविलें, आणि माझा नातू इंग्रजी शाळेंत जातो. सूनबाईंशीं याविषयीं वाद घालण्याचें मीं केव्हांच सोडलें आहे. त्यामुळें या बाबतींत न्यायाधीश होण्याचा मला अधिकार नाहीं.

सर्वांत अवघड काम चीनशीं बोलण्याचें होतें. दलाई लामांनीं स्वीकारिलेला मार्ग 'मध्यममार्ग' म्हणून प्रसिद्ध आहे: वेगळें राष्ट्र मागावयाचें नाहीं, चीनच्या चौकटींत खरी स्वायत्तता मागावयाची. सप्टेंबर २००२ पासून जानेवारी २०१० पर्यंत दलाई लामांच्या प्रतिनिधींच्या चिनी अधिकाऱ्यांशीं नऊ बैठकी झाल्या. बोलण्यास अनुकूल वातावरण राहावें, म्हणून २००२ सालीं चीनचे अध्यक्ष अमेरिकेस गेले असतां त्यांच्यापुढें निदर्शनें करूं नका, असें आवाहन कालोन त्रिपांनीं आपल्या लोकांस केलें. यावर तरुण मंडळी भडकली. ज्या युवक काँग्रेसचे ते एके काळीं उपाध्यक्ष होते, ती पूर्ण स्वातंत्र्याचीच मागणी करीत राहिली. दारांत शत्रु आला असतां ओरडावयाचेंहि नाहीं काय, असा त्यांचा सवाल. मला वाटतें, त्या वेळीं ते तरुण अगदींच चुकत नव्हते. हातांत दुसरें कांहीं नसतां आपला आवाजहि आपण होऊन मिटून घ्यावयाचा, हें साधुत्व असेल. पण त्याची किंमत देणारे लोक साधु नव्हते. १९९५ च्या सुमारास याच गृहस्थांनीं तिबेटांत जाऊन सत्याग्रह करावा, असा विचार लेखी मांडला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ते भित्रे होते असें मात्र कोणी म्हणणार नाहीं. मार्च २००८ मध्यें तिबेटांत मोठा उठाव झाला व दडपला गेला. त्याच वर्षीं खऱ्या स्वायत्ततेचा तपशीलवार मसुदा चिनी अधिकाऱ्यांच्या हातीं देण्यांत आला. तो त्यांनीं फेटाळिला. २०१० च्या जानेवारींतील बैठक ही शेवटची ठरली. दहा वर्षांच्या कारकीर्दींत या बाजूनें कांहींहि हातीं लागलें नाहीं, हें उघड आहे.

परंतु एक गोष्ट घडली. लागोपाठ दोनच मुदतींचा सनदेचा नियम असल्यामुळें २०११ सालीं नवी निवडणूक आली. १० मार्च २०११ रोजीं दलाई लामांनीं आपला राजकीय अधिकार लोकनियुक्त प्रमुखाच्या हातीं देण्याचा निर्णय जाहीर केला. सभेनें व मंत्रिमंडळानें विनवण्या केल्या, पण त्यांनीं ऐकिलें नाहीं. मे महिन्याच्या अखेरीस सनद बदलली. १६४२ सालीं पांचव्या दलाई लामांपासून सुरू झालेली धर्मपीठाची राजसत्ता अशा रीतीनें संपली. ८ ऑगस्ट २०११ रोजीं धर्मशाळेस लोबसांग सांगे यांनीं पद स्वीकारिलें. ते दार्जिलिंगकडे निर्वासितांच्या घरीं जन्मलेले, हार्वर्डला कायदा शिकलेले, कोटपाटलोण घालणारे गृहस्थाश्रमी. सातव्या दलाई लामांनीं १७५१ सालीं मंत्रिमंडळास दिलेली जुनी मुद्रा सामदोंग रिनपोछे यांनीं त्यांच्या स्वाधीन केली. म्हणजे दहा वर्षें राज्यकारभार हांकून या भिक्षूनें अखेरीस भिक्षूंच्या हातांतला कारभार गृहस्थाच्या हातीं दिला. माझ्या मनांतल्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर यापलीकडे मला कोठें सांपडलें नाहीं.

त्यानंतर ते पुन्हा आपल्या अध्ययन-अध्यापनाकडे वळले. २ जुलै २०२५ रोजीं, दलाई लामांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधीं, ही परंपरा पुढें चालू राहील व पुढील दलाई लामा ओळखण्याचा अधिकार केवळ त्यांच्या गादेन फोद्रांग या न्यासाकडे राहील, असें निवेदन प्रसिद्ध झालें. तेव्हां धर्मशाळेच्या पत्रकार-परिषदेंत जगभरच्या वार्ताहरांस सामोरे गेलेले पंचाऐंशीं वर्षांचे वृद्ध भिक्षु हेच होत.

मी त्या विहारांतून निघालों, तेव्हां म्हातारबुवांनीं एक वहीचें पान पुढें केलें. "गुरुजी, त्या पोथीचं नांव तुमच्या अक्षरांत लिहून द्या. आमची नातवंडं नागपूरला शिकतात, त्यांना तुमची अक्षरं येतात, आमचीं येत नाहींत." मीं देवनागरींत नांव लिहिलें. भिक्षूनें पेन घेऊन त्याच्याखालीं आपल्या लिपींत तेंच नांव लिहिलें, आणि मग दोन्ही ओळींवरून बोट फिरवीत, अक्षराखालीं अक्षर लागतें कीं नाहीं, तें आम्हीं दोघांनीं मिळून तपासलें. एके ठिकाणीं माझा च्छ चुकला होता. तो त्यानें दाखवून दिला.